साइक्स आडनावाचे मूळ: ओहोळ, दप्तरे आणि वाय गुणसूत्र

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्याच्या पश्चिम भागात साइक्स हे आडनाव मोठ्या प्रमाणात आढळते. लहान ओहोळ किंवा पाणथळ चर या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आले. ओहोळाकाठी राहणाऱ्या माणसाला शेजारी त्यावरूनच ओळखत आणि पुढे तीच ओळख मुलानातवंडांना चिकटली. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर सरदार घराण्यांत वंशपरंपरागत आडनावे रूढ झाली आणि पुढील तीन-चार शतकांत ही रीत सामान्य शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. असे ओहोळ त्या मुलखात जागोजागी असल्यामुळे साइक्स नावाची अनेक घराणी स्वतंत्रपणे निर्माण झाली असावीत, असे अभ्यासक मानत.

हा समज तपासला तो ऑक्सफर्ड विद्यापीठातील ब्रायन साइक्स या जनुकशास्त्रज्ञाने, स्वतःच्याच आडनावाच्या आधारे. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते, आणि इंग्लंडमधील आडनावाचा प्रवासही तसाच होतो. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएचे छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात. त्यांची संख्या पिढ्यानपिढ्या बहुतांशी तीच राहते, क्वचितच बदलते. साइक्स आणि कॅथरिन आयर्व्हिन यांनी साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांत अशी चार ठिकाणे मोजली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार २१ जणांची, म्हणजे ४३.८ टक्क्यांची, संख्यामालिका एकच निघाली. उरलेल्यांचे नमुने मात्र आडनावाशी संबंध नसलेल्या पुरुषांसारखेच विखुरलेले होते. विवाहबाह्य संततीमुळे सातशे वर्षांत हे नमुने साचत गेले असे मानले, तर तिचे प्रमाण दर पिढीला सरासरी १.३ टक्के येते, असा अंदाज त्यांनी मांडला. दत्तकविधान किंवा आईचे आडनाव लावणे यांमुळेही असाच परिणाम दिसू शकतो.

यावरून मूळ पुरुष एकच होता असा निष्कर्ष त्यांनी काढला. मला तो एक पायरी पुढे गेलेला वाटतो. कारण पितृवंश सहज खुंटतो: एका पिढीत मुलगेच झाले नाहीत किंवा ते लहानपणी दगावले, की त्या शाखेतील वाय गुणसूत्र कायमचे नाहीसे होते. साथी आणि दुष्काळ यांच्या काळात सुरुवातीला दहा साइक्स असले, तरी आजवर त्यांतील एकाचाच वंश भरभराटीला आला असणे अगदी शक्य आहे. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा या योगायोगाने होणाऱ्या वंशलोपाचे महत्त्व स्पष्ट झाले. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या बहुसंख्य पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच घराण्याचे निघाले. स्मिथ म्हणजे लोहार. हा व्यवसाय गावोगावी असल्यामुळे त्या आडनावात मात्र असा समान वारसा दिसला नाही.

साइक्सच्या बाबतीत कागदपत्रांतून याचा निवाडा करणे अवघड आहे. इंग्लंडमध्ये चर्चमधील बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू झाल्या, म्हणजे आडनाव रुजल्यानंतर कित्येक पिढ्यांनी. त्याआधीच्या काळासाठी जमीनदारांच्या न्यायसभांची दप्तरे आणि १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या हाताशी असल्या, तरी त्यांतील दोन साइक्स एकमेकांचे भाऊबंद होते की नुसते नामबंधू, हे त्या नोंदींवरून क्वचितच कळते.