फिनास्टराइड आणि अपत्यनियोजन

फिनास्टराइड : पुरुषांच्या आनुवंशिक टकलावर पोटातून घ्यायचे औषध. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) तयार करणारे विकर (एन्झाइम) ते रोखते. डीएचटीमुळे डोक्यावरचे केस गळून पुन्हा येताना दर खेपेला अधिक बारीक उगवू लागतात आणि शेवटी उगवेनासे होतात. अमेरिकेत ५ मिग्रॅ.ची गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी, तर १ मिग्रॅ.ची १९९७ मध्ये टकलासाठी मंजूर झाली.

मूल हवे असलेल्या जोडप्याला धास्ती असते ती बहुधा गर्भाची. ती अगदीच निराधार नाही. मुलग्याच्या गर्भाची बाह्य जननेंद्रिये घडायला डीएचटी लागतेच. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावी हे विकर जन्मतःच कमी असलेले मुलगे मुलगी म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी लक्षणे उमटत. त्यांचे शास्त्रीय वर्णन १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि औषधाच्या कल्पनेला त्यातूनच चालना मिळाली. गर्भवतीने तुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये, हा इशारा म्हणूनच. अखंड गोळीला लेप असतो, त्यामुळे ती हाताळताना औषध हाताला लागत नाही. वीर्यातून जाणारा अंश मात्र नगण्य आहे. १ मिग्रॅ. घेणाऱ्यांच्या वीर्यात आढळलेली सर्वाधिक मात्रा धरली, तरी रोज फार तर ७.६ नॅनोग्रॅम औषध स्त्रीच्या शरीरात जाईल. पुरुषांच्या डीएचटीवर काहीच परिणाम न करणारा ५ मायक्रोग्रॅमचा (५,००० नॅनोग्रॅम) डोसही याच्या सुमारे ६५० पट भरतो.

खरा प्रश्न पुरुषाच्या स्वतःच्या शुक्राणूंचा आहे आणि नेमका तोच विचारायचा राहतो. निरोगी पुरुषांनी १ मिग्रॅ. ४८ आठवडे घेऊनही शुक्राणूंत लक्षणीय फरक पडला नाही, असे १९९९ चा अभ्यास सांगतो. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचे चित्र वेगळे होते : २०१३ च्या एका कॅनेडियन अहवालात औषध थांबवल्यावर त्यांची शुक्राणुसंख्या सरासरी ११ पटींहून अधिक वाढली. संख्या मुळातच कमी असेल, तर गोळी महागात पडू शकते. त्यामुळे गोळी सुरू करण्याआधीच वीर्यतपासणी केलेली बरी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून गोळी थांबवायची झाल्यास प्रयत्नांच्या तीनेक महिने आधी थांबवतात. टिकवलेले केस मात्र वर्षभरात पुन्हा गळतात.

ड्युटास्टराइड हे याच प्रकारचे दुसरे औषध शरीरात कितीतरी जास्त रेंगाळते. त्याचा अर्धायुकाल (शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा काळ) सुमारे ५ आठवड्यांचा. ते रक्त गर्भवतीला दिले जाऊ नये म्हणून औषध थांबवल्यावर ६ महिने रक्तदानही करू नये असे सांगितले जाते. फिनास्टराइडसाठी ही मुदत १ महिन्याची. टकलावरचेच, पण डोक्याला लावायचे औषध मिनॉक्सिडिल डीएचटीच्या वाटेला जात नाही. त्यामुळे गोळी बंद असलेल्या मधल्या काळात डॉक्टर बहुधा तेच चालू ठेवायला सांगतात.