टी पेशीचा दुसरा संकेत: सीडी-२८, सीटीएलए-४ आणि पीडी-१ यांची पार्श्वभूमी

मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णाला इपिलिमुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी, वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम या हिशेबाने चार वेळा शिरेतून देतात. काही रुग्णांना मधल्या डोसांच्या सुमारास जुलाब सुरू होतात. तपासणीत जंतू सापडत नाहीत, कारण आतड्याच्या अस्तरावर रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, तुटून पडलेल्या असतात. मग औषध थांबवून स्टेरॉइड द्यावं लागतं. औषध टी पेशींवरचा सीटीएलए-४ हा ब्रेक काढतं, आणि तो ब्रेक फक्त ट्यूमरमध्ये नसतो.

पॉल एर्लिखने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं, की शरीर स्वतःवर हल्ला करणं टाळतं. कसं टाळतं, याचं उत्तर पुढे बर्नेट या शास्त्रज्ञाने सुचवलं: स्वतःविरुद्धच्या पेशी सुरुवातीलाच मारल्या जातात. १९८७ मध्ये कॅपलर आणि मॅरॅक यांनी उंदरांच्या थायमसमध्ये, म्हणजे टी पेशी जिथे घडतात त्या ग्रंथीत, अशा टी पेशी नाहीशा होताना दाखवल्या. पण थायमसची ही चाळण पक्की नाही. स्वतःच्या प्रथिनांना ओळखणाऱ्या काही टी पेशी त्यातून निसटतात आणि निरोगी माणसाच्या रक्तातही फिरत असतात. त्यांना आवरणारी दुसरी व्यवस्था हवीच होती.

तिचा धागा एका अनपेक्षित निकालात सापडला. १९८७ मध्येच जेन्किन्स आणि श्वार्ट्झ यांनी प्रतिजन (टी पेशी ज्याला ओळखते तो रेणू) दाखवणाऱ्या पेशी रसायनाने गोठवल्या आणि टी पेशींसमोर ठेवल्या. पेशीवरच्या एमएचसी या रेणूने धरलेला प्रतिजनाचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, जागच्या जागी होता, टी पेशींचा रिसेप्टर त्याला चिकटतही होता, तरी टी पेशी वाढल्या नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नंतर जिवंत पेशींनी तोच प्रतिजन दाखवला तरी त्या उठेनात. या बधिर अवस्थेला अ‍ॅनर्जी म्हणतात. याचा अर्थ, नुसती ओळख, म्हणजे पहिला संकेत, पटून भागत नाही. सोबत दुसरा संकेत लागतो, आणि तो मिळाला नाही तर टी पेशी गप्प बसायला शिकते. लॅफर्टी आणि कनिंगहॅम यांनी ही कल्पना १९७५ मध्येच मांडली होती. पुढे ठरलं, की हा संकेत प्रामुख्याने टी पेशीवरच्या सीडी-२८ या प्रथिनाला समोरच्या पेशीवरचं बी-७ हे प्रथिन भेटल्यावर मिळतो. संसर्गाची चाहूल लागलेल्या डेंड्रायटिक पेशीवर (प्रतिजन दाखवणारी एक पेशी) बी-७ भरपूर असतं, शांत ऊतींत जवळजवळ नसतंच.

सीटीएलए-४ची कथा मात्र काही वर्षं उलटी वाचली गेली. जनुक १९८७ मध्ये सापडलं. रचना सीडी-२८सारखी, जोडीदारही तोच बी-७, म्हणून हाही अ‍ॅक्सिलरेटरच असावा असा समज झाला. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) घातली की टी पेशी जास्त वाढत, त्यामुळे समज पक्का झाला. चूक प्रयोगाच्या अर्थात होती. द्रवात मोकळं असलेलं प्रतिपिंड रिसेप्टरला चालू न करता त्याची जागा अडवतं. ब्रेक अडला म्हणून गाडी पळत होती. १९९४-९५ मध्ये ब्लूस्टोन आणि अ‍ॅलिसन यांच्या प्रयोगशाळांनी, अडवलं तर वाढ आणि प्रतिपिंडांनी एकत्र बांधलं तर रोध, असा फरक दाखवला. वाद मिटवला तो १९९५ मध्ये सीटीएलए-४ नसलेल्या उंदरांनी. ते जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मेले. लसीका ग्रंथी फुगलेल्या, हृदयात आणि स्वादुपिंडात टी पेशींची गर्दी.

हा ब्रेक एरवी बराचसा पेशीच्या आतच साठवलेला असतो आणि टी पेशी उद्दीपित झाली की पृष्ठभागावर येतो. बी-७वरची त्याची पकड सीडी-२८च्या अनेक पटींनी घट्ट असते, म्हणून संख्येने कमी असूनही तो जोडीदार पळवतो. २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: तो समोरच्या पेशीवरचं बी-७ अक्षरशः ओढून आत नेतो आणि नष्ट करतो. इतर टी पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशींवर तो कायम असतो, ही त्यांच्या कामातली एक मोठी बाजू आहे.

पीडी-१ हा टी पेशीवरचा दुसरा ब्रेक. ते क्योटोमध्ये होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये पेशीमृत्यूची जनुकं शोधताना मिळालं. नाव (प्रोग्राम्ड डेथ) तिथूनच आलं. ते नसलेले उंदीर लगेच मरत नाहीत. वय वाढल्यावर एका वाणाला सांधे आणि मूत्रपिंडाचा, दुसऱ्याला हृदयाच्या स्नायूचा आजार होतो. सीटीएलए-४ सुरुवातीची उठावणी आवरतं, पीडी-१ मुख्यतः ऊतींत पोचलेल्या पेशींना. २०१७ मध्ये असंही दिसलं, की पीडी-१ने बोलावलेला एसएचपी-२ हा विकर (एन्झाइम) मुख्यतः सीडी-२८चेच फॉस्फेट काढतो. दुसरा ब्रेकही शेवटी दुसऱ्या संकेतावरच पडतो.

त्या संकेताची ताकद २००६ मध्ये लंडनला दिसली. पहिल्या संकेताशिवायच सीडी-२८ला चालू करणारं टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं आणि सहाही जण सायटोकाइनच्या (पेशींमधले संदेश वाहणाऱ्या प्रथिनांच्या) वादळाने अतिदक्षता विभागात गेले. माकडांत याच्या कितीतरी पट डोस निभावला होता, कारण त्यांच्या ज्या स्मृती टी पेशींनी (जुन्या प्रतिजनाची आठवण ठेवणाऱ्या) भडकायला हवं होतं त्यांच्यावर सीडी-२८ नव्हतंच.

माणसात सीटीएलए-४ जनुकाची एकच प्रत बिघडली तरी काय होतं, हे २०१४ मध्ये काही कुटुंबांत आढळलं: आतडी, फुप्फुसं आणि मेंदूत टी पेशींची घुसखोरी, रक्तपेशींची घट. अशा रुग्णांना आता अ‍ॅबाटासेप्ट देतात. ते मुळात संधिवातासाठी बनलेलं औषध, आणि त्याचा कामाचा भाग म्हणजे सीटीएलए-४चाच बाहेरचा तुकडा.