‘गर’मध्ये एक अक्षर घाला

इंग्रजीतल्या एका शब्दाबद्दलचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. शब्द आहे स्टार्टलिंग. रोमन लिपीत तो नऊ अक्षरांचा होतो. त्यातले एकेक अक्षर काढत गेलो तरी दर वेळी अर्थपूर्ण शब्दच उरतो: स्टार्लिंग, स्टेअरिंग, स्ट्रिंग, स्टिंग, सिंग, सिन, इन आणि शेवटी नुसता आय. उलटीकडून पाहिले तर एका अक्षरापासून निघून दर पायरीला एकेक अक्षर वाढवण्याचे हे कोडे आहे. इथवर सगळे खरे. पण संदेशाच्या शेवटी ‘जगातला असा एकमेव शब्द’ असे ठोकून दिलेले असते, ते खोटे आहे. स्पार्कलिंग घ्या. स्पार्किंग, स्पेअरिंग, स्प्रिंग, स्प्रिग, प्रिग, पिग, पाय, आय. तोही नऊ अक्षरांचा आणि तोही शेवटपर्यंत उतरतो.

या यादीकडे देवनागरीत पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. सिंग, स्टिंग, स्ट्रिंग हे तिन्ही शब्द आपल्या लिपीत दोन अक्षरीच आहेत. रोमन अक्षर एकेका ध्वनीच्या आसपास असते. आपले अक्षर म्हणजे व्यंजन, त्याला चिकटलेला स्वर आणि असलाच तर जोडलेला अर्धा वर्ण, असा आख्खा उच्चारखंड. म्हणून मराठीत हे कोडे वेगळ्या चालीने चालते.

फणसाचा ‘गर’ घेऊ. दोन अक्षरांच्या शब्दात नवे अक्षर घालायला तीन जागा असतात: आधी, मध्ये आणि शेवटी. आधी घातले की सागर, नगर, घागर, मगर, जागर, डोंगर. मध्ये घातले की गजर. शेवटी घातले की गरज, गरम, गरळ. जागरच्या पुढे आणखी एक अक्षर चढवा, जागरण होते. त्यापुढे मात्र वाट अवघड होत जाते. प्रत्यय लावून शब्द लांबवणे कोडी सोडवणारे लोक धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता नियमाचा प्रश्न. ‘रग’वर अनुस्वार दिला की ‘रंग’ झाला, ‘खत’ची ‘खंत’ झाली. हे अक्षर वाढवणे का? ‘वर’ला अर्धा स जोडून ‘स्वर’ केला, तरी अक्षरे दोनच राहिली. संगणक तर तिसरेच काही मोजतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या चिन्हसंकेतात, तीन अक्षरी ‘डोंगर’ची पाच चिन्हे होतात: ड, ओकार, अनुस्वार, ग आणि र. ‘स्वर’ लिहिताना ‘वर’मध्ये दोन चिन्हे वाढतात, एक स आणि एक पाय मोडल्याची खूण. आपल्याकडच्या जुन्या कवींनी हा गुंता खेळांचे वेगवेगळे प्रकार करून सोडवला होता. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या करमणुकींची यादी येते. तिच्यात अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक ही दोन स्वतंत्र नावे आहेत. एकात अख्खे अक्षर गळते, दुसऱ्यात फक्त मात्रा. (यावरून आपल्या पूर्वजांना संगणकशास्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांना भाषेची बारीक जाण होती, आणि तेवढे पुरेसे कौतुकाचे आहे.) आपण इथे अख्खे अक्षर वाढवण्याचाच नियम धरू.

माझ्या मते या कोड्यातला सर्वांत सुंदर भाग मोजणीत आहे. अर्थ बाजूला ठेवू. ‘गर’मध्ये एक अक्षर घालून एकूण किती वेगवेगळ्या अक्षररचना तयार होतील? त्यासाठी अक्षरे किती ते आधी ठरवायला हवे. ३४ व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०८; त्यात अ ते अः हे १२ मिळवले की ४२०. जोडाक्षरे यात नाहीत, आणि ‘डोंगर’मधला ‘डों’सुद्धा नाही, कारण बाराखडीत ओकार आणि अनुस्वार एकत्र येत नाहीत. तरी हिशेबासाठी ४२० धरू.

तीन जागा, प्रत्येक जागी ४२० पर्याय, म्हणजे १२६०. पण यात काही रचना दोनदा मोजल्या गेल्या. ‘गर’मध्ये ग-च्या आधी ग घातला तरी ‘गगर’, आणि ग-च्या नंतर घातला तरी ‘गगर’. ही दुहेरी मोजणी टाळायला एक साधा नियम करता येतो: नवे अक्षर आणि त्याच्या लगेच उजवीकडचे अक्षर सारखे असेल, तर नव्याला एक घर उजवीकडे सरकवायचे. सारखेपणा संपेपर्यंत किंवा शब्द संपेपर्यंत सरकवत राहायचे. आता प्रत्येक रचना नेमकी एकदाच मोजली जाते. शब्दातल्या प्रत्येक अक्षराच्या आधीच्या जागी ४१९ पर्याय उरतात, कारण त्या अक्षरासारखेच अक्षर तिथे चालत नाही. आणि अगदी शेवटच्या जागी पूर्ण ४२०. ‘गर’साठी ४१९ + ४१९ + ४२० = १२५८.

या हिशेबात ग कुठे आला, र कुठे आला? कुठेच नाही. फक्त शब्दाची लांबी आली. म्हणजे दोन अक्षरांचा कोणताही शब्द घ्या, उत्तर १२५८च! ताळा करून पाहू. ‘मामा’ घ्या. यात दोन्ही अक्षरे सारखी, तेव्हा रचना कमी होतील असे वाटते. एक वेगळे अक्षर तीनपैकी एका जागी बसेल, म्हणजे ४१९ गुणिले ३, अर्थात १२५७. शिवाय तिसराही ‘मा’च घातला तर एक ‘मामामा’. बेरीज १२५८. पहिल्यांदा ही बेरीज जुळताना पाहिली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. तुम्हीही ‘काका’, ‘दादा’, ‘रंग’, काहीही घालून बघा.

आता उलट करा, अक्षर काढा. ‘गर’मधून एक अक्षर काढले की ‘ग’ किंवा ‘र’, दोन शक्यता. ‘मामा’मधून कोणतेही काढा, ‘मा’च उरतो, शक्यता एक. म्हणजे वाढवण्याच्या शक्यता फक्त लांबीवर ठरतात, पण काढण्याच्या शक्यता शब्दाच्या घडणीवर. सारख्या अक्षरांची सलग रांग म्हणजे एक गट धरला, तर जितके गट तितक्या शक्यता.

हा असमतोल कोडे रचणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. ‘गर’पासून शब्द शोधायला १२५८ रचना तपासण्यापेक्षा शब्दकोशातल्या प्रत्येक तीन अक्षरी शब्दाचे एकेक अक्षर काढून टाचण करून ठेवणे स्वस्त पडते, कारण दर शब्दाला जास्तीत जास्त तीनच नोंदी लागतात. मग ‘गर’ या नोंदीखाली सागर, नगर, गजर, गरज आपोआप एकत्र येतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या काही प्रणाली नेमकी हीच युक्ती वापरतात. आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमरॉ यांनी १९६४ साली दाखवले होते की त्यांनी तपासलेल्या चुकीच्या शब्दांपैकी ८० टक्क्यांहून अधिक शब्दांत चारपैकी एकच साधी चूक होती: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेले, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल.

टाचण करताना आणखी एक मजा हाती लागते. ‘सागर’मधले कोणतेही अक्षर काढा: गर, सार, साग. ‘नगर’: गर, नर, नग. ‘गजर’: जर, गर, गज. ‘गरज’: रज, गज, गर. प्रत्येक वेळी खरा शब्द! चार अक्षरी ‘जागरण’मधून मात्र जागर आणि जारण एवढेच हाती लागतात. कारण जागेचे आहे. आपल्या ४२० अक्षरांच्या दोन अक्षरी रचना होतात १,७६,४००. तीन अक्षरी होतात सात कोटी चाळीस लाखांहून अधिक, आणि इतके शब्द कोणत्याच भाषेत नसतात. लांबी वाढते तसे खरे शब्द विरळ होत जातात. म्हणूनच लांब शब्दातला मुद्रणदोष डोळ्यांना खुपतो, आणि दोन अक्षरी शब्दातला निसटतो, कारण तिथे चुकूनही दुसरा खराच शब्द तयार होतो.

मग असे शब्द मुद्दाम निवडता येतील का, की एखादे अक्षर गळले किंवा घुसले तरी मूळ शब्द निःसंशय ओळखता यावा? सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली शून्य आणि एक या दोनच अक्षरांच्या भाषेसाठी हे करून दाखवले. वर्शामोव्ह आणि टेनेन्गोल्ट्स यांनी वेगळ्या कामासाठी बनवलेला एक संच त्यांनी यासाठी वापरला. चार अंकी रचना १६ होतात. त्यातल्या चारच ठेवायच्या: ००००, १००१, ०११०, ११११. निवड अशी: डावीकडून जागांना १, २, ३, ४ असे क्रमांक द्या, आणि जिथे १ हा अंक आहे त्या जागांच्या क्रमांकांची बेरीज ५ ने भागली गेली पाहिजे. १००१ ची बेरीज १ + ४, ०११० ची २ + ३, ११११ ची १०, ०००० ची शून्य.

आता प्रत्येकातला एक अंक गाळा. ०००० मधून फक्त ०००. ११११ मधून फक्त १११. १००१ मधून ००१, १०१, १००. ०११० मधून ११०, ०१०, ०११. तीन अंकी रचना एकूण आठच असतात, आणि त्या आठही इथे प्रत्येकी एकदाच आल्या. समोरच्याला १०१ मिळाले, तर मूळ १००१ होते यात शंका उरत नाही. गळतीत वाटे असमान आहेत, १, ३, ३, १. अंक घुसवला तर मात्र चौघांनाही बरोबर सहा-सहा रचना मिळतात, तोच मघाचा नियम: १ + १ + १ + १ + २. आणि त्याही एकमेकींत मिसळत नाहीत. समजा, दोन शब्दांत एकेक अंक घुसून एकच पाच अंकी रचना झाली. त्या रचनेतून दोन्ही घुसलेले अंक काढले, तर उरलेली तीन अंकी रचना दोन्ही शब्दांत असणार. पण तशी सामाईक रचना नाही, हे आपण आत्ताच पाहिले. म्हणजे गळती दुरुस्त करणारा संच घुसखोरीही दुरुस्त करतो.

या बेरजेत अंक कोणत्या जागी आहे हेच महत्त्वाचे आहे. याच्या शेजारी अंकशास्त्र्यांची बेरीज ठेवून पाहा. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवा, नशीब उघडेल, असे सांगून पैसे घेतले जातात. त्यांच्या बेरजेत ते अक्षर सुरुवातीला घातले काय आणि शेवटी घातले काय, फरक पडत नाही. शिवाय अक्षरांना अंक देण्याच्या त्यांच्याच दोन पद्धतींत एकाच नावाची बेरीज वेगवेगळी येऊ शकते. आणि मराठीत ते नाव पूर्वी होते तसेच राहते! अडचणीत सापडलेल्या माणसाला असला उपाय विकणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

अक्षर घुसण्याने खरोखर आयुष्य बदलते ते डीएनएमध्ये. तिथे चार अक्षरांची भाषा तीन-तीनच्या गटांनी वाचली जाते. ‘नगर गरम गजर’ या ओळीच्या सुरुवातीला एक क घाला आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: ‘कनग रगर मगज र’. पुढचे सगळे बिघडले. मध्येच ‘मगज’ आला, पण तोही चुकून. १९६१ साली फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-फोर या विषाणूच्या जनुकात अशी अक्षरे घुसवणारे आणि गाळणारे बदल एकत्र आणून पाहिले. एका अक्षराने जनुक निकामी होई, दोनांनीही होई. एकमेकांच्या जवळ तीन वाढली की ते पुन्हा चालू लागे. जनुकीय भाषा तिनाच्या गटांची आहे, हे त्यातून समजले.

आता कृत्रिम डीएनएमध्ये माहिती साठवण्याचे प्रयोग चालू आहेत. तो घडवताना आणि वाचताना अक्षरे गळतात आणि घुसतात, त्यामुळे लेव्हेन्श्टाइन यांच्या जुन्या प्रश्नाला पुन्हा भाव आला आहे. आणि तो प्रश्न पुरता सुटलेलाही नाही. एका अंकाच्या गळतीसाठी त्या भागाकाराच्या नियमाने मिळणाऱ्या संचापेक्षा मोठा संच बनूच शकत नाही, असा गणितज्ञांचा अंदाज आहे. लहान लांबीसाठी तो तपासून झाला आहे. सर्व लांबींसाठी सिद्धता अजून कोणाला सापडलेली नाही.