नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘बँकेत नॉमिनी जो, पैसा त्याचाच,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात यावरून दोन भाऊ दिवाळीलाही एका पंगतीला बसेनात. थोरल्याचं म्हणणं, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कायम धाकट्यालाच झुकतं माप दिलं. वाटणं साहजिकच.

पण नॉमिनी रक्कम फक्त ताब्यात घेतो. बँकेची जबाबदारी तिथे संपते. मालकी मृत्युपत्राने ठरते. ते नसेल तर हिंदू कुटुंबात १९५६च्या वारसा कायद्यानुसार वडिलांमागे त्यांची आई, बायको, मुलगे, मुली सारखे वाटेकरी. (आयुर्विम्याचं वेगळं: २०१५पासून आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर सहसा रक्कम त्यांचीच.)

म्हणून आधी ठेवपावती बघा, मग मृत्युपत्र शोधा. अण्णांच्या पावतीवर धाकटा होता, कारण त्यांना स्कूटरवरून बँकेत तोच न्यायचा.