कार्डांसाठी पेव

जुलै महिन्यात सांगलीतल्या पोकेमॉनसारख्या खेळांची कार्डे जमवणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी गेले, तर टेबलावर उघडे राहिलेले चकचकीत कार्ड उथळ बशीसारखे झालेले दिसते. त्याच्या कडा वर उचललेल्या असतात आणि चित्राची बाजू आत दबलेली असते. त्याच्या शेजारचे बिनचमकीचे कार्ड मात्र जवळजवळ सपाटच असते. चकचकीत कार्ड कोणी वाकवलेले नसते. ते का वाकले हे समजले, की मौल्यवान संग्रह कशात आणि कोठे ठेवावा या प्रश्नाचे बरेचसे उत्तर हाती येते.

पोकेमॉनची कार्डे जपानमध्ये १९९६ साली आली. त्यांचा ६३ × ८८ मिलिमीटर हा आकार इतरही अनेक खेळांच्या कार्डांना आहे. असे कार्ड म्हणजे कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेला पुठ्ठा असतो, आणि चकचकीत कार्डात त्याच्या एका बाजूला धातूची चमक असलेला अतिशय पातळ पापुद्रा असतो. कागदातील सेल्युलोजचे तंतू हवेतील बाष्प शोषून फुगतात. पापुद्रा फुगत नाही. विजेच्या इस्त्रीतील दोन धातूंची जोडपट्टी तापल्यावर जशी कमी प्रसरण पावणाऱ्या धातूकडे वाकते, तसेच कार्डही दमट हवेत पापुद्र्याच्या बाजूला वळते. एप्रिलच्या रखरखीत दुपारी कागद आकसतो आणि तेच कार्ड उलट दिशेने वाकते. एकदा आलेला बाक बहुधा काढता येतो, परंतु वर्षानुवर्षे चाललेल्या या फुगण्या-आकसण्याने थरांमधील पकड सैल होते आणि कडा पांढुरक्या पडतात. म्हणून नेमकी किती आर्द्रता हवी यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती वर्षभर एकसारखी कशी राहील, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असली म्हणजे पुरे. ती दीर्घकाळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशीचा धोका सुरू होतो.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलची एक पुडी. येथे थोडा हिशेब करावा लागतो. तीस अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या वीस लिटर हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असते, आणि तेवढे पाणी लहानशी पुडीही सहज शोषते. पण खरे पाणी हवेत नसून कार्डांमध्ये असते. एका कार्डाचे वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास धरले, तर हजार कार्डे पावणेदोन किलोची होतात. भर पावसाळ्यात कागदाच्या वजनाचा सुमारे दहावा भाग पाणीच असते, तर ५० टक्के आर्द्रतेत ते प्रमाण सहा-सात टक्क्यांवर येते. म्हणजे हजार कार्डांतून पन्नास-साठ ग्रॅम पाणी बाहेर काढायचे आहे. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी धरू शकते, आणि तेही हवा पुरेशी दमट असताना. पन्नास ग्रॅमची पुडी पंधरा-सोळा ग्रॅमवर थांबणार, आणि जुलैमध्ये बंद केलेल्या डब्यात पावसाळा तसाच कोंडून राहणार.

ही गोष्ट सांगलीकरांना वेगळी सांगण्याची गरज नाही. हरिपूरच्या परिसरात जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे टिकत आली, त्याचे श्रेय तेथील मातीला आणि बंद तोंडाला आहेच. पण हळद शिजवून खडखडीत वाळवल्याशिवाय ती पेवात कोणी घालत नाही. कार्डांचा डबाही असाच योग्य वेळी भरावा. पावसाळा संपून हवेतील दमटपणा उतरू लागतो, तेव्हा, म्हणजे साधारण नोव्हेंबरात, कार्डे काही दिवस उजेड नसलेल्या, वारा खेळत्या खोलीत पसरून ठेवावीत आणि खोलीतील आर्द्रता पन्नासच्या आसपास स्थिरावल्यावर डबा बंद करावा. मग सिलिका जेलचे काम फक्त फटींतून आत येणाऱ्या बाष्पापुरते उरते. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र बाजारात मिळते, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढेच पाणी त्यात घालावे आणि ते टोपण यंत्रासह बंद पिशवीत सात-आठ तास ठेवावे. पिशवीतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र त्यापेक्षा जितके कमी-जास्त दाखवेल, तितकी त्याची चूक समजावी.

प्लॅस्टिकच्या बाबतीत स्वस्त आणि मऊ दिसेल ते टाळावे. शालेय फायलींत येणारी, विशिष्ट उग्र वासाची लवचिक पाने बहुधा पीव्हीसीची असतात. मूळचे कडक पीव्हीसी मऊ करण्यासाठी त्यात तेलकट रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि छपाईला चिकटतात. पीव्हीसी जुने होताना हायड्रोक्लोरिक आम्लही सोडते. पॉलिप्रोपिलीन, पॉलिएथिलीन किंवा पॉलिएस्टर यांत असे मऊ करणारे काही घालावे लागत नाही, म्हणून कार्डाला लागून असणारे आवरण त्यांचेच असावे. बाहेरचा खोका पुठ्ठ्याचा असेल, तर तो आम्लरहित पाहून घ्यावा.

कसर आणि झुरळे यांच्या भीतीने कपाटात डांबरगोळ्या टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यांतील नॅप्थॅलिनची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या प्लॅस्टिकला मऊ करते, आणि काही टणक पारदर्शक डब्या त्याच प्लॅस्टिकच्या असतात. तेव्हा येथे ही सवय सोडलेली बरी. उन्हाविषयी सर्वांना ठाऊक आहे. त्यात भर एवढीच, की काचेतून येणारा उजेडही रंग उडवतो, आणि बहुधा पिवळा व किरमिजी हे रंग आधी फिकट होतात.

आता तिजोरी. आगीपासून संरक्षण देणाऱ्या तिजोरीच्या भिंतींत पाणी धरून ठेवणारे पदार्थ भरलेले असतात. आगीत त्या पाण्याची वाफ होते आणि तीच आतला भाग थंड ठेवते. यातून दोन अडचणी निघतात. एक म्हणजे अशी तिजोरी एरवीही आतून दमट राहू शकते. दुसरी अधिक गंभीर आहे: कागदपत्रांसाठी असलेल्या तिजोऱ्यांची हमी सामान्यतः आतील तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या आत राहील एवढीच असते. त्या तापमानाला कागद तग धरतो. पॉलिप्रोपिलीन मात्र १६५ अंशांपर्यंतच वितळते. म्हणजे कार्डे वाचतील, पण त्यांच्या आवरणाला चिकटून. खरोखर महाग कार्डांसाठी तिजोरी घ्यायचीच असेल, तर संगणकीय साधनांसाठी बनवलेली, आतील तापमान सुमारे ५२ अंशांच्या आत ठेवणारी घ्यावी, आणि कार्डे आधी घट्ट डब्यात ठेवून मग तो डबा तिजोरीत ठेवावा.

सांगलीत मात्र आगीपेक्षा कृष्णेचा विचार आधी करावा लागतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पुष्कळ पेवांतही पाणी शिरले होते. जड तिजोरी तळमजल्यावर, जमिनीला बोल्टने जखडून ठेवण्याचा सल्ला चोरीच्या दृष्टीने योग्य असला, तरी नदीकाठच्या गल्लीत तो उलटू शकतो, कारण ऐनवेळी ती उचलून माळ्यावर नेता येत नाही. बँकेच्या लॉकरचाही असाच विचार करावा. जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा इमारत कोसळणे यांमुळे झालेल्या नुकसानीबद्दल बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. पूर-भूकंपासारख्या आपत्तींत मात्र, बँकेची स्वतःची हलगर्जी नसेल, तर ती जबाबदारी येत नाही. म्हणून भाडे भरण्यापूर्वी लॉकरची खोली कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारावे. घरी ठेवायचे असल्यास वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, रबरी कड असलेल्या झाकणाचे आणि एका माणसाला उचलता येतील असे दोन-तीन डबे ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्या कपाटाला साधे कुलूप असले तरी चालेल.

वातानुकूलित खोलीत ठेवलेला डबा पावसाळ्यात बाहेर आणला, तर लगेच उघडू नये, कारण थंड कार्डांवर दमट हवेतील पाणी दवासारखे जमते. हरिपुरात पेव उघडले, की आत उतरण्यापूर्वी काही तास थांबतात, कारण आतल्या हवेत प्राणवायू उरलेला नसतो. येथे थांबायचे ते झाकण उघडण्यापूर्वी, डब्याचा गारवा जाईपर्यंत.