स्पॅनिश भयपट आणि अद्भुतपट

स्पेनमधील भयपटांची परंपरा जनरल फ्रांकोच्या हुकूमशाहीत, सेन्सॉरच्या नजरेखाली उभी राहिली. अद्भुताची आवड तिथे जुनीच होती: सेगुंदो दे चोमोनच्या १९०८ मधील 'एल ओतेल एलेक्त्रिको'त प्रवाशांचे सामान आपोआप उलगडते, बूट आपोआप पॉलिश होतात. तरी भयपटाची सुरुवात सहसा हेसूस फ्रांकोच्या 'ग्रितोस एन ला नोचे'पासून (१९६२) धरतात. त्यात मुलीचा विद्रूप चेहरा सुधारण्यासाठी एक डॉक्टर तरुणींना पळवतो.

पडद्यावरच्या भीतीपेक्षा ती भीती स्पेनच्या मातीतली दिसणे सेन्सॉरला अधिक खुपत असे. त्यामुळे कथा परदेशात घडू लागल्या. वेटलिफ्टर हासिंतो मोलिना याने 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो' (१९६८) लिहिला आणि त्यात स्वतःच मानवलांडगा साकारला. हा वाल्देमार दानिन्स्की पोलिश ठरवावा लागला. निर्यातीच्या सोयीसाठी मोलिनाचाही 'पॉल नाशी' झाला. परदेशी बाजारासाठी नग्नदृश्यांच्या वेगळ्या प्रतीही निघत.

या काळातील सर्वांत अस्सल भुते आमांदो दे ओस्सोरियोची. 'ला नोचे देल तेरोर सिएगो'तले मेलेले टेम्पलर, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढाऊ संघाचे, सरदार आंधळे आहेत. ते केवळ कानोशावर सावज हेरतात. लपलेली तरुणी श्वास रोखते, पण छातीची धडधड तिला दगा देते. सरदारांचे घोडे संथगतीने, जणू घाई नसल्यासारखे, धावतात. तुटपुंज्या पैशांत साधलेली ही भीती आजही अंगावर येते.

व्हिक्तोर एरिसेचा 'एल एस्पिरितू दे ला कोल्मेना' (१९७३) रूढ अर्थाने भयपट नाही, पण त्याच्याशिवाय ही परंपरा कळत नाही. फ्रांकोला सत्तेवर आणणारे यादवी युद्ध नुकतेच संपले असताना, १९४० साली, स्पेनच्या कास्तीय भागातील एका खेड्यात फिरता सिनेमा 'फ्रँकेन्स्टाइन' दाखवतो. राक्षसाने मुलीला का मारले आणि लोकांनी त्याला का मारले, हे चिमुकली आना बहिणीला विचारते. पुढे ओसाड घरात लपलेल्या जखमी फरारी माणसाला ती खाऊ आणि वडिलांचा कोट नेऊन देते. रात्रीत त्याला गोळ्या घातल्या जातात. युद्धाचे नाव न घेता एरिसे सगळे सांगून जातो. नार्सिसो इबान्येझ सेरादोरच्या १९७६ मधील चित्रपटात मात्र एका बेटावरची मुलेच मोठ्यांवर उलटतात. सुरुवातीला युद्धांत होरपळलेल्या मुलांची खरी दृश्ये येतात.

१९८३ नंतर सरकारी अनुदान 'दर्जेदार' चित्रपटांकडे वळले आणि भयपट आटले. आलेक्स दे ला इग्लेसिया आणि आलेहांद्रो आमेनाबार यांनी १९९५-९६ मध्ये त्यांना नवा प्रेक्षक मिळवून दिला. बार्सिलोनाजवळच्या सिचेस गावी १९६८ पासून भरणाऱ्या महोत्सवाने मधल्या काळातही हा धागा तुटू दिला नव्हता. मेक्सिकन दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोने 'एल एस्पिनासो देल दिआब्लो' (२००१) मध्ये यादवी युद्ध थेट अनाथाश्रमाच्या अंगणात आणले: तिथे न फुटलेला बॉम्ब रुतून बसला आहे. पुढे 'रेक' (२००७) बार्सिलोनातल्या एका इमारतीत घडला, तर 'वेरोनिका' (२०१७) माद्रिदच्या वायेकास या कष्टकरी वस्तीत.