ताण संपला, कॉर्टिसॉल का उतरेना?

ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच रक्तात पाठवते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल वाहू लागतं. खरी मेख पुढे आहे, हे सगळं थांबवण्यात. कॉर्टिसॉल मेंदूत परत येतं, हिप्पोकॅम्पस, हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीतल्या ग्राहींना (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणारी प्रथिनं) चिकटतं आणि ‘आता पुरे’ असा निरोप देतं. ग्राही कमी असतील, तर कारण संपल्यावरही कॉर्टिसॉल चढंच राहतं.

ग्राही कमी का पडतात, याचा माग माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांत काढला. काही माद्या पिल्लांना भरपूर चाटतात, काही जेमतेम. पहिल्या आठवड्यात भरपूर चाटून घेतलेली पिल्लं मोठी झाल्यावर 20 मिनिटं अडकवून ठेवली, तरी त्यांचं संप्रेरक फारसं चढत नसे. (उंदरांत कॉर्टिसॉलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉन, काम तेच.) हे आनुवंशिक म्हणावं, तर अदलाबदल केलेली पिल्लं सांभाळणाऱ्या आईच्या वळणावर गेली! 2004 साली उलगडा झाला : कमी चाटलेल्या पिल्लांत ग्राहीच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथाइल गट, म्हणजे जनुकाचा वापर दाबणाऱ्या रासायनिक खुणा, बसले होते. जनुक तेच, पण त्याचा वापर कमी. ट्रायकोस्टॅटिन ए हे रसायन मेंदूत सोडल्यावर प्रौढ उंदरांतही हा फरक मिटला. म्हणजे खूण कायमची नव्हती.

2009 मध्ये आत्महत्या केलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तशीच खूण दिसली, पण बालपणी छळ झालेल्यांतच. प्रत्येक गटात जेमतेम 12 जण होते, हे विसरू नये.

मग कॉर्टिसॉल थांबवणारा हा ब्रेक सैल आहे का, हे तपासून नैराश्य ओळखता येईल? 1981 साली मनोविकारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरोल यांनी तशी चाचणी मांडली : रात्री 11 वाजता डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखाच ‘पुरे’ हा निरोप देणारं कृत्रिम औषध) 1 मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी दुपारी 4 आणि रात्री 11 ला रक्त, कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर ब्रेक सैल. पण नैराश्याच्या निम्म्याअधिक रुग्णांत आकडा ठीकच येई. उलट फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही फिट्सवरची औषधं घेणाऱ्यांत यकृत डेक्सामेथासोनचा झपाट्याने निचरा करतं आणि आकडा उगाच वर जातो. दारू सोडताना, वजन झपाट्याने उतरताना तेच. नैराश्याच्या निदानातून ही चाचणी मागे पडली. कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार वाढण्याचा विकार, ओळखण्यासाठी मात्र रात्रीची तीच 1 मिलिग्रॅमची गोळी आजही देतात. रक्त सकाळी 8–9 ला घेतात आणि मर्यादा 1.8 धरतात.